बारा मिनिटांच्या आत

फोर्टातल्या त्या इमारतीची लिफ्ट
मी सहा रविवार शूट केली.
कॅमेरा शनिवारी रात्री उचलला
आणि सोमवारी दहाच्या आत परत केला
तर भाडं एकाच दिवसाचं.
हे गणित कुठल्या संस्थेत शिकवत नाहीत.

धुरीकाका रविवारीही यायचे, खाकी शर्टाला इस्त्री करून.
"माका अभिनय करूक सांगू नकात," म्हणाले,
"मी फकत वर जातंय आणि खाली येतंय."
मी म्हटलं, तेवढंच हवंय.
माझंही तेव्हा तेवढंच चाललं होतं,
त्यातलं वर जाणं जरा कमी.

रेमी डाबरे वसईहून यायचा,
लिफ्टच्या खड्ड्यात माइक सोडून डोळे मिटून बसायचा.
तिसऱ्या-चौथ्याच्या मधे एक कुरकुर आहे, म्हणाला,
तिला कुणी तेल घालू नका.
त्याचे पैसे अजून द्यायचेत. तो विचारत नाही.
नाताळला केक पाठवतो,
म्हणजे विचारतोच.

दिवसा मी लग्नं कापते.
ठाण्याच्या हॉलमधली, वाशीच्या लॉनवरची.
रडणारी आत्या ठेवायची, ढेकर देणारे मामा काढायचे.
रात्री एकनंतर तेच मशीन माझं.

पहिला खेळ सकाळी साडेनऊला.
नऊ माणसं, पाच आमचीच,
एक झोपलेला.
घरी वहिनी म्हणाली, मग मोठा पिक्चर कधी?
जणू ही अंगी न लागलेली पोर,
दूध पाजलं की वाढेल.

काकांनी फिल्म लिफ्टमध्येच पाहिली,
माझ्या फोनवर, वर जाता जाता.
तिसऱ्या-चौथ्याच्या मधे नेटवर्क गेलं, चित्र अडकलं.
"हयसर सगळाच थांबता," म्हणाले.
चौथ्यावर पोचल्यावर मात्र दार उघडेनात.
"मी इतको गप आसतंय?"

गेल्या मार्चात नवी लिफ्ट आली, बटणांची.
काका कुडाळला गेले.
आणि मला भेसानियांचा फोन, इमारतीचे सेक्रेटरी:
तुझी ती व्हिडिओ आहे ना?
जुना दरवाजा पितळेचा होता,
भंगारवाला लोखंडाचा भाव लावतोय.

तर दुसरा खेळ दो टाकीला, एका गाळ्यात,
तराजूशेजारी, पोत्यावर लॅपटॉप.
प्रेक्षक एक. शकूर चौधरी.
त्यांनी चष्मा पुसला, पंखा बंद करायला लावला.
सहाव्या मिनिटाला थांबवलं. मागे नेलं. परत पुढे. परत मागे.
त्यांना फक्त ती जागा बघायची होती
जिथे काकांच्या अंगठ्यानं
हिरवा रंग उडून आतलं चमकत होतं.
पितल है, म्हणाले. ठीक. पैसे देतो.

मग लॅपटॉप मिटता मिटता:
"मॅडम, इधर कुछ काटा है ना?
आदमी कुछ बोलनेवाला था."

तीन ज्युरी, एक समीक्षक,
दोन वर्षांत कुणालाच न दिसलेला सांधा.

चाळीस सेकंद कापले होते मी.
नियम होता, बारा मिनिटांच्या आत.
शिवाय काकांनी सरळ कॅमेऱ्यात बघितलं होतं,
आणि कॅमेऱ्यामागे मी,
सकाळपासून एका चहावर.
"जेवलंस गो तू?" असं विचारलं होतं त्यांनी.
मी "हो" म्हटलेलंही आहे त्यात. खोटं.
मग नुसती कुरकुर,
आणि ते माझ्याकडे बघतायत,
पटलेलं नाही त्यांना.

रात्री एकनंतर मशीन उघडलं,
जोडून टाकलं.
आता ती कुठल्याच महोत्सवात बसत नाही.
कुडाळला पाठवली. अजून उतरतेय म्हणे.

भेसानियांनी दोन हजार दिले होते,
ते रेमीच्या हातात ठेवले.
हे कशाचे? त्यानं विचारलं.
पितळेचे, म्हटलं.